पाण्याखालचा वाकडा पंखा आणि आमची बुडवलेली अनामत

चारचौघांनी मिळून मोटरबोट भाड्याने घ्यायची, स्वतःच चालवायची, कालव्यातून नदीत, नदीतून खाडीत आणि हवामान साथ देत असेल तर किनाऱ्याकिनाऱ्याने पुढच्या बंदरापर्यंत जायचं, असा बेत कुणी आखत असेल तर त्यांनी हे आधी वाचावं. सहल आमची फार छान झाली. लुबाडलं गेलं ते बोट परत करताना, आणि तेही धक्क्यावर उभं राहून कुणालाच दिसत नाही अशा भागावरून.

बोट ताब्यात देताना मालक इतका काटेकोर वागला की संशय यायचं कारणच नव्हतं. यादी हातात घेऊन त्याने लाइफजॅकेटं मोजून दिली, अग्निशामकाच्या मुदतीची तारीख दाखवली, कठड्यावरचे जुने ओरखडे स्वतःहून कागदावर लिहिले. "हे आधीचे आहेत, तुमच्या नावावर नकोत," असंही म्हणाला. त्याच कागदावर खाली एक छापील ओळ होती : पंखे, शाफ्ट, सुकाणू, तळ, सगळं सुस्थितीत. (पंखा म्हणजे पाण्याखाली फिरून बोट ढकलणारी पाती, शाफ्ट म्हणजे पंखा फिरवणारा दांडा.) आम्ही विचारलं की पाण्याखालचं कसं बघायचं? त्यावर तो म्हणाला, मागच्याच आठवड्यात बोट वर काढली होती, आणि खाडीच्या तोंडाचं लॉक, म्हणजे पाण्याची पातळी जुळवून बोटी आत-बाहेर सोडणारे दरवाजे, फक्त भरतीच्या आसपास उघडतं, आत्ता सही केली नाही तर पुढच्या भरतीपर्यंत इथेच बसावं लागेल. लॉकची वेळ खरीच होती. ताबा देण्याची वेळ त्याने अगदी तिच्या तोंडावर ठेवली होती, हे नंतर ध्यानात आलं.

लॉक ओलांडून मोकळ्या पाण्यात वेग वाढवला तेव्हा इंजिनाच्या मिनिटाला ठरावीक फेऱ्यांच्या वर उजव्या इंजिनाच्या बाजूची फळी थरथरायला लागली. टेबलावर ठेवलेला पाण्याचा पेला सरकत सरकत कडेला आला. डावं इंजिन एकटं चालवलं की सगळं शांत, उजवं एकटं चालवलं की पुन्हा थरथर. आमच्यातल्या एकाचा यंत्रांवर चांगला हात बसलेला आहे. तो म्हणाला, हे इंजिनाचं नाही, पंख्याचं किंवा शाफ्टचं दुखणं आहे. त्याने लगेच पेल्याचा आणि फेरेमापकाचा व्हिडिओ काढून मालकाला पाठवला. मालकाने मेसेजला उत्तर दिलं नाही, फोन केला. "जुन्या इंजिनांना एवढं असतंच, हळू चालवा." पुढे लक्षात घ्या, हा माणूस स्वतःच्या हाताने काहीच लिहून देत नाही.

मग बहुतेक सहल कालव्यात आणि नदीत गेली. तिथे वेगाची मर्यादा असते, त्यामुळे थरथर जाणवलीच नाही.

परत आलो तेव्हा पट्टे लावलेली क्रेन तयार होती. आमचं सामान अजून बोटीतून उतरत होतं, तोवर बोट वर उचललीसुद्धा. उजव्या पंख्याच्या एका पात्याचं टोक पानाची कड मुडपावी तसं आत वळलेलं. "खडकावर घातलीत," एवढं म्हणून त्याने हिशेब सांगायला सुरुवात केली : नवा पंखा, शाफ्ट सरळ करणं, क्रेनचं भाडं आणि बोट बंद राहिल्याची भरपाई. सगळं मिळून आमच्या पूर्ण अनामतीएवढं. आम्ही विम्याचं विचारलं तर त्याने करारातलं कलम दाखवलं : पाण्याखालच्या भागांना नुकसान-सूट लागू नाही. ही सूट, म्हणजे नुकसान झालं तर ते आमच्याकडून वसूल न करण्याची हमी, आम्ही वेगळे पैसे भरून घेतली होती. असं कलम भाड्याच्या बोटींच्या अनेक करारांत असतं, आणि मोटरबोट चालवताना सगळ्यात आधी मार खातो तो पंखाच.

एक माणूस जोरदार पाण्याचा पाइप घेऊन तळ धुवायला पुढे आला. आमच्या मित्राने त्याला थांबवलं आणि धुण्याआधी पात्याचे अगदी जवळून फोटो काढले. सगळं प्रकरण पुढे या फोटोंवरच उभं राहिलं. पंखा काशासारख्या मिश्रधातूचा असतो. त्याला ताजा मार लागला की घासलेली जागा पिवळीधमक चमकते. मुडपलेली कड मात्र काळपट-हिरवी, बाकीच्या पात्यासारखीच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, घडीच्या आतल्या कोपऱ्यात बार्नॅकलचे, म्हणजे बोटीच्या तळाला चिकटणाऱ्या छोट्या कवचधारी जिवांचे, पांढरे चुन्यासारखे गोल डाग होते. बार्नॅकल खाऱ्या किंवा मचूळ पाण्यात चिकटतात आणि वाढायला वेळ घेतात. आमचे बहुतेक दिवस गोड्या पाण्यात गेलेले. म्हणजे पातं वळलं आधी, त्यावर बार्नॅकल वाढले नंतर, आणि आम्ही आलो त्याच्याही नंतर. खडक लागला असता तर सुकाण्याच्या खालच्या टोकावर नाहीतर तळाच्या रंगावर ओरखडा हवा होता, तिथे रंग अखंड होता. मागच्याच आठवड्यात बोट वर काढल्याची बात तर त्या चुन्याच्या डागांनीच खोटी पाडली.

डिझेलचं बिल ही दुसरी लूट. पैसे इंजिनाच्या तासांवर. दोन इंजिनांचे तास वेगवेगळे मोजायचे, आणि तासाला किती लिटर धरायचं ते त्याचं. नांगर टाकून थांबलो होतो त्या रात्री पाण्याची खोली दाखवणारं यंत्र चालू राहावं म्हणून चावी फिरवलेली होती, इंजिनं बंद. सकाळी तासमापकाचे आकडे पुढे गेलेले! पुष्कळ बोटींवर तासमापक चावीच्या विजेवर चालतो, त्याला इंजिन चालू आहे की नाही याच्याशी देणंघेणं नसतं. बरं, इंजिनावर ताण नसेल तर तासाला लागणारं डिझेलही थोडं असतं. साधारण हिशेब असा, की १० किलोवॅट ताकद तासभर वापरली तर अडीच लिटरच्या आसपास डिझेल लागतं. कालव्याच्या संथ चालीला याहून फारशी ताकद लागत नाही. आमच्याकडून दर घेतला तो समुद्रात पूर्ण वेगाने पळणाऱ्या बोटीचा.

आम्ही तिथे वाद वाढवला नाही. फोटो, व्हिडिओ, करार आणि तासमापकाचे आकडे एकत्र करून एका स्वतंत्र बोट-तपासनिसाकडून लेखी मत घेतलं आणि कार्डाच्या बँकेकडे व्यवहाराला हरकत नोंदवली. अनामत रोख दिली असती तर हा मार्गच उरला नसता. बँकेने पंख्याची रक्कम परत मिळवून दिली. डिझेलची नाही, कारण तो दर करारात लिहिलेला होता.

शोधता शोधता त्याच बोटीवर आमच्यानंतर गेलेली एक मंडळी भेटली. त्यांच्याकडे पंख्याचा फोटो होता : तेच पातं, तीच घडी, घडीतले तेच पांढरे डाग. नव्या पंख्याचे पैसे आमच्याकडून घेतले, पंखा मात्र तोच फिरत होता, आणि त्याचेच पैसे त्यांच्याकडूनही कापले होते. त्यांचं इंजिन वाटेत तापून बंद पडलं होतं. करारात दिलेल्या नंबरवरची बोट आली, आणि दोर देण्याआधी सही मागितलेल्या कागदावर ओढून नेण्याचं ठरलेलं भाडं नव्हतं, 'सॅल्व्हेज', म्हणजे संकटातली बोट वाचवल्याबद्दलचं बक्षीस, असा शब्द होता. हा फरक फार मोठा आहे. १९८९ च्या आंतरराष्ट्रीय सॅल्व्हेज करारानुसार बक्षिसाची रक्कम ठरवताना वाचवलेल्या बोटीची किंमत आणि धोका किती होता हे पाहिलं जातं, त्यामुळे अर्ध्या तासाच्या ओढाईचं बिल कुठच्या कुठे जाऊ शकतं. इंजिन बंद पडलंय पण बोट सुरक्षित नांगरावर आहे, अशा वेळी दोर घेण्याआधी भाडं किती ते सगळ्यांसमोर ठरवून घ्या, रेकॉर्ड करा. जिवाला धोका असेल तर मात्र पैशांचा विचार न करता बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबर चॅनलवर हाक द्या. जीव वाचवल्याबद्दल वाचलेल्या माणसांकडून मोबदला मागता येत नाही, हेही त्याच करारात आहे.

ताबा घेताना काय करायचं ते आता आमच्या मंडळींचं पक्कं ठरलेलं आहे. पाण्यात चालणारा छोटा कॅमेरा बोटीवरच्या लांब दांड्याच्या आकडीला बांधायचा आणि दोन्ही पंखे, शाफ्ट, सुकाणू यांचं चित्रण मालकासमोर करायचं. पाणी गढूळ असेल तर 'पाण्याखालचा भाग पाहिलेला नाही' असं स्वतःच्या अक्षरात लिहून मगच सही. धक्का सोडून थोडं बाहेर जाऊन प्रत्येक इंजिन वेगवेगळं, नेहमीच्या फेऱ्यांपर्यंत चालवून बघायचं. इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवून थांबायचं : तासमापक दशांश दाखवत असेल तर सहा मिनिटांत आकडा एका घराने पुढे सरकतो. सरकला तर तासांवर डिझेलचे पैसे कबूल करायचे नाहीत. सुरुवातीला टाकी पंपावर काठोकाठ, शेवटी काठोकाठ, मधल्या पावत्या आपल्याकडे. आणि लॉकची वेळ चुकत असेल तर चुकू द्यावी, पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी येतेच.

डिझेलच्या रकमेची तक्रार आम्ही ग्राहक आयोगात वेगळी केली आहे, त्या दुसऱ्या मंडळींनाही सोबत घेऊन. भाड्याच्या कुठल्याही बोटीच्या वाकड्या पात्याचे पैसे कुणी भरले असतील तर फोटो मूळ फाइलसकट जपून ठेवा, तारीख त्या फाइलमध्येच असते.