रील, गूगल की ओळखीची शिफारस? सांगलीतल्या छोट्या फोटो स्टुडिओने कुठे भर द्यावा

सांगली-मिरजेत एकट्याने किंवा एक-दोन मदतनीस घेऊन फोटो स्टुडिओ चालवणाऱ्याला दिवाळीच्या सुमारास दरवर्षी एक हिशेब मांडावा लागतो. कार्तिकी एकादशीनंतर तुळशीची लग्ने लागतात आणि चातुर्मासात थांबलेले विवाहाचे मुहूर्त पुन्हा सुरू होतात. त्याआधीच, जाहिरातीसाठी बाजूला काढलेले वीस-पंचवीस हजार रुपये इन्स्टाग्रामवर घालावेत, गूगलवरची आपली नोंद (बिझनेस प्रोफाइल) नीट करून घ्यावी, की मंगल कार्यालये, मेकअप आर्टिस्ट आणि जुनी गिऱ्हाइके यांच्याकडून येणाऱ्या ओळखीवर भर द्यावा, हे ठरवायचे असते. सांगलीच्या विश्रामबागेत स्टुडिओ चालवताना मी हे तिन्ही मार्ग वापरले आहेत. या मार्गांची तुलना करण्याआधी आपल्याला कोणते काम हवे आहे आणि त्या कामाचा इसार कोणाच्या हातून येतो, एवढे पक्के करावे, असे माझे ठाम मत झाले आहे. कारण लग्न, बारसे आणि मालाची फोटोग्राफी या तीन कामांना एकच जाहिरात लागू पडत नाही.

लग्नाच्या कामापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक छोट्या स्टुडिओंचे वर्ष त्यावरच तरते. गेल्या हंगामात एक कुटुंब माझ्याकडे आले होते. मुलगी पुण्यात नोकरीला होती. तिने माझी एक रील पाहून ती घरच्या ग्रुपवर टाकली होती. काउंटरवर मात्र तिचे वडील आणि मामा बसले होते. मामांनी बारा बाय छत्तीस इंचांचा अल्बम पुढे ओढला, नवरा-नवरीची कॅन्डिड (नकळत टिपलेल्या क्षणांची) पाने भराभर उलटली आणि कन्यादानाच्या पानावर ते थांबले. त्या पानाच्या कडेला खुर्चीत बसलेली एक म्हातारी आजी होती, तिच्या चेहऱ्यावर पुरेसा उजेड होता आणि हातातल्या अक्षता स्पष्ट दिसत होत्या. “आमच्या आईलाही चालता येत नाही, तिचा फोटो असाच नीट येईल ना?” एवढेच त्यांनी विचारले आणि इसार दिला. रीलमध्ये ते पान नव्हते. रीलने मला त्या घरापर्यंत नेले, पण काम मिळवून दिले ते छापील अल्बमने.

इन्स्टाग्रामचे बळ आणि मर्यादा या एका प्रसंगात दिसतात. सांगली, तासगाव, विटा, पलूस भागातली शिकलेली अनेक मुले-मुली नोकरीसाठी पुण्या-मुंबईत राहतात, लग्न मात्र गावाकडे करतात, आणि फोटोग्राफरचे नाव पहिल्यांदा सुचवतात ती हीच मुले. त्यांच्यापर्यंत पोहोचायला इन्स्टाग्रामसारखे दुसरे साधन नाही. अडचण अशी की पुण्यात जाहिरात दाखवली की ती सांगलीशी काहीही संबंध नसलेल्या असंख्य लोकांपुढेही जाते आणि तो खर्च वाया जातो. यावर मला लागू पडलेला उपाय साधा आहे: रीलच्या पहिल्याच दृश्यावर “सांगली-मिरजेतील लग्न” असे ठळक लिहावे, आणि हरिपूरचा कृष्णा-वारणा संगम, गणपती मंदिराचा परिसर अशा ओळखीच्या जागा सुरुवातीलाच दिसू द्याव्यात, म्हणजे ज्याचे काम इथले आहे तोच थांबतो. पैसे देऊन पोस्ट अधिक लोकांना दाखवणारे, पोस्टखालचे बूस्टचे बटण दाबणे सोपे आहे, परंतु जाहिरातीचे उद्दिष्ट म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश येणे हे निवडले नाही, तर लाइक वाढतात आणि विचारणा तेवढीच राहते. शिवाय व्यवसायाच्या खात्यावरून चित्रपटातील गाणी हवी तशी लावता येत नाहीत. व्यावसायिक वापरासाठी उपलब्ध असलेलेच संगीत घ्यावे, नाहीतर मेहनतीने केलेल्या रीलचा आवाज बंद होऊ शकतो.

गूगलवरची नोंद याच्या अगदी उलट चालते. रील न मागता समोर येते; गूगलवर माणूस स्वतःहून शोधायला येतो, म्हणजे त्याची गरज आधीच ठरलेली असते. नोंद विनामूल्य आहे, पण तिच्यामागे वेळ द्यावा लागतो. जवळच्या शोधात कोणाचे नाव वर यावे हे शोधाशी जुळणी, अंतर आणि प्रसिद्धी या तीन गोष्टींवरून ठरते, असे गूगल स्वतःच सांगते. अंतर आपल्या हातात नाही. मिरजेच्या स्टेशनजवळ उभे राहून शोधणाऱ्याला विश्रामबागेतला स्टुडिओ खालीच दिसणार. जुळणी मात्र हातात आहे. मुख्य प्रकार म्हणून नुसते “फोटो स्टुडिओ” निवडले तर पासपोर्ट फोटोचे फोन अधिक येतात. लग्नाचे काम हवे असेल तर “वेडिंग फोटोग्राफर” हा प्रकार निवडावा. ज्यांचे दुकान नाही, जे घरून काम करतात, त्यांना पत्ता लपवून फक्त सेवेचे भाग दाखवता येतात. अभिप्राय मागण्याची योग्य वेळ म्हणजे अल्बम हातात देण्याचा दिवस, कारण तेव्हा सगळे घर एकत्र बसून पाने पाहत असते. अभिप्रायात कार्य कुठे झाले आणि कोणते होते हे लिहायला सांगावे. त्याच्या बदल्यात सूट किंवा भेटवस्तू देऊ नये, कारण ते गूगलच्या नियमांत बसत नाही. मुलीचे वडील आणि काका हे अभिप्राय मन लावून वाचतात, हा माझा वारंवारचा अनुभव आहे. त्यामुळे मोठ्यांचा विश्वास मिळवण्यासाठी गूगल इन्स्टाग्रामपेक्षा सरस ठरते, पण त्याचे फळ दिसायला एक पूर्ण हंगाम जावा लागतो.

तिसरा मार्ग ओळखीचा. सुपारी फुटली की घरचे आधी कार्यालय ठरवतात आणि फोटोग्राफरचा विषय त्यानंतर निघतो, म्हणून कार्यालयाच्या व्यवस्थापकाच्या तोंडी आपले नाव असणे फार मोलाचे असते. यात कमिशन मागणारेही भेटतात. मी ते देत नाही, कारण ती रक्कम शेवटी गिऱ्हाइकाच्या दरात चढते आणि दरावरून घासाघीस करणारीच कामे वाट्याला येतात. त्याऐवजी मी कार्य संपल्यापासून तीन दिवसांत डेकोरेशनवाल्याला त्याच्या मांडवाचे आणि मेकअप आर्टिस्टला तिच्या नवरीचे पाच-सहा उत्तम फोटो पाठवतो, नावाचा शिक्का न मारता. त्यांनाही जाहिरातीसाठी फोटो हवेच असतात आणि जो वेळेवर देतो त्याची आठवण राहते. जुन्या गिऱ्हाइकांसाठी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस पुरेसे आहे, मात्र ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात आणि ज्याने आपला नंबर सेव्ह केला आहे त्यालाच संदेश पोहोचतो. म्हणून अल्बम देताना समोरच नंबर सेव्ह करून घ्यावा. ज्या नवरीचे लग्न आपण टिपले तिचे डोहाळजेवण आणि पुढे बाळाचे बारसे ही कामे याच यादीतून येतात, आणि त्यांना जाहिरातीचा एक रुपयाही लागत नाही.

इन्स्टाग्रामवर भर देणाऱ्याने एक कायदेशीर बाब आधी समजून घ्यावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काम देणाऱ्याचा असतो, फोटोग्राफरचा नव्हे. म्हणजे गिऱ्हाइकाच्या लग्नाचे फोटो न विचारता रीलमध्ये टाकण्याचा अधिकार आपल्याला आपोआप मिळत नाही. ऑर्डरच्या फॉर्मवर संमतीची एक ओळ आणि तिच्याखाली सही घेतली की प्रश्न मिटतो. ज्या घरी मुलीचे फोटो बाहेर जायला नको असतात, तिथे हा प्रश्न आधीच विचारल्याने आपल्याविषयीचा आदर वाढलेलाच मी पाहिला आहे.

आता मालाच्या फोटोग्राफीचे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये आणि मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तासगावचा बेदाणा आणि कुपवाडच्या एमआयडीसीतले कारखाने आहेतच. या सगळ्यांना खोक्यासाठी, माहितीपत्रकासाठी आणि संकेतस्थळासाठी फोटो लागतात. इथे रीलचा उपयोग मला जवळजवळ शून्य वाटला. तासगावच्या एका व्यापाऱ्याने मी काढलेले फोटो पाहताना खिशातून मूठभर हिरवा बेदाणा काढला, मॉनिटरशेजारी पांढऱ्या कागदावर ओतला आणि पडद्यावरचा रंग मालाशी पडताळून पाहिला. ट्यूबलाइटखाली फोटोत हिरव्या बेदाण्याचा रंग बदलतो, म्हणून मी ग्रे कार्ड (रंग जुळवण्यासाठीचा करडा पुठ्ठा) ठेवून व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडानुसार कॅमेऱ्याचा रंगमेळ, लावला होता. रंग जुळला आणि त्यांनी जागीच आणखी दोन अडत्यांचे नंबर दिले. ज्यांना हे काम हवे आहे त्यांनी आठ-दहा छापील नमुने घेऊन प्रत्यक्ष दुकानात किंवा कारखान्यात जावे.

लग्नाच्या संकेतस्थळांवर पैसे भरून नाव नोंदवण्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. एकच चौकशी अनेक फोटोग्राफरांकडे जाते, पहिला प्रश्न दराचा असतो, आणि छोट्या स्टुडिओला दर पाडून टिकता येत नाही.

म्हणून, ज्याच्याकडे एका हंगामापुरते वीस हजार आहेत आणि ज्याला लग्नाचीच कामे हवी आहेत, त्याने माझ्या मते दहा-बारा हजारांत दोन उत्तम नमुना अल्बम छापावेत, ज्यांत वडीलधाऱ्यांची आणि पंगतीची पाने भरपूर असतील. उरलेले पैसे तुळशीच्या लग्नाआधीच्या महिन्यात इन्स्टाग्रामच्या मोजक्या जाहिरातींवर घालावेत, आणि गूगलच्या नोंदीला रोज पंधरा मिनिटे द्यावीत. ज्याचा भर प्री-वेडिंगवर किंवा नवजात बाळांच्या फोटोंवर आहे त्याने मात्र हा क्रम उलटा करावा, कारण तिथे ठरवणारे आणि पैसे देणारे दोघेही तरुण जोडपेच असते.

यासोबत ऑर्डरच्या वहीत “नाव कुठून कळले” असा एक रकाना आखून घ्यावा आणि तो दोनदा भरावा: एकदा पहिल्या फोनच्या वेळी आणि एकदा इसार घेताना. माझ्या वहीत पहिल्या फोनला “इन्स्टाग्राम” लिहिलेल्या कित्येक ओळींपुढे नंतर दुसऱ्या शाईने आत्या, शेजारी, कार्यालयाचे व्यवस्थापक अशी नोंद झालेली आहे.