चिलेंतो की त्राबोक्की किनारा?

इटलीत गाडी भाड्याने घेऊन गर्दीबाहेरची समुद्रगावं बघायची असतील, तर माझ्या मते दोनच किनारे मनात धरावेत.

नेपल्सच्या दक्षिणेला चिलेंतो. पेस्तुमची अडीच हजार वर्षांची ग्रीक मंदिरं पाहून अच्चारोली, पियोप्पी, पिशोत्ता असं खाली उतरत जायचं. पिशोत्ताचे कोळी ‘मेनाइका’ जाळ्याने मांदेलीच्याच कुळातली छोटी मासळी धरतात, हाताने डोकी काढून मातीच्या बरणीत मिठात मुरवतात. पाणी नितळ, पण रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा. गाडी लागणाऱ्यांनी विचार करावा.

पूर्वेला आब्रुत्सोमध्ये ओर्तोना ते वास्तो हा त्राबोक्की किनारा. अंतर फार नाही, रस्ता सोपा. त्राबोक्को म्हणजे समुद्रात खांबांवर उभा केलेला लाकडी मचाण. लांब वाशांना टांगलेलं जाळं रहाटाने पाण्यात सोडायचं आणि वर ओढायचं. आता यातल्या कित्येकांवर जेवणही मिळतं. जुन्या रेल्वेमार्गावर सायकलवाट झाली आहे, तेव्हा एक दिवस गाडी ठेवूनच द्या. पोहायला मात्र चिलेंतोच सरस.

तरीही मी त्राबोक्की निवडेन. तोरिनो दी सांग्रोजवळच्या युद्धस्मशानभूमीत पाचशेहून अधिक भारतीय सैनिकांचं दहनस्मारक आहे. 1943 च्या शेवटी सांग्रो नदीवर आठवी भारतीय डिव्हिजन लढली, त्यात मराठा पलटणही होती. तिथली नावं वाचायला तासभर हाताशी ठेवा.