लंडनच्या रूमचे पावणेदोन लाख गेले, कळलं ते लॅमिंग्टन रोडला

लेकीला लंडनला मास्टर्सची अ‍ॅडमिशन मिळाली, सप्टेंबरची. युनिव्हर्सिटीचं हॉस्टेल फुल, त्यामुळे जुलैभर आमच्या मुलुंडच्या घरात फक्त रूम, रूम आणि रूम. फेसबुकवर इंडियन स्टुडंट्सच्या एका ग्रुपमध्ये लंडनमधल्या स्ट्रॅटफर्डची एक रूम दिसली, महिना ७५० पौंड, लाइट-पाणी सगळं धरून, आणि तिच्या बॅचची मुलं हजार-अकराशे मोजत होती. इथेच खरं तर थांबायला हवं होतं. पण स्वस्तात मिळालं की आपल्याला वाटतं आपणच हुशार, काय करणार.

मालक म्हणे नोकरीसाठी बार्सिलोनाला, म्हणून रूम दाखवता येत नाही. बोलायला इतका गोड की ह्यांनी चॅट वाचून "माणूस सज्जन दिसतोय" असं सर्टिफिकेट पण देऊन टाकलं. त्याने स्वतःच्या पासपोर्टचा फोटो पाठवला, अ‍ॅग्रीमेंट पाठवलं, लेकीचा पासपोर्ट मागितला, तिने पाठवला. मग घाई सुरू. अजून तीन जण मागे लागलेत, उद्या संध्याकाळपर्यंत डिपॉझिट आणि पहिलं भाडं मिळून १५०० पौंड टाका. व्हिडिओ कॉल कर म्हटलं की नेट खराब.

बँकेत परदेशी पैसे पाठवायचा ए-२ फॉर्म भरताना काउंटरवरच्या मुलीने विचारलं होतं, काकू, घर लंडनला आणि अकाउंट स्पेनचं कसं, आयबॅन म्हणजे त्याचा खाते नंबर ईएसने सुरू होतोय, लंडनचा असता तर जीबी असतं. मी उलट तिलाच समजावलं, अगं मालक तिकडे राहतो ना. ह्यांची एफडी मोडून भरले.

चार दिवसांनी शनिवारी लॅमिंग्टन रोडला अ‍ॅडॉप्टर घ्यायला गेलो. दुकानदाराने यूकेचा प्लग काढून लेकीच्या हातात दिला, तीन जाड चौकोनी पिना. ती तो उलटसुलट करून बघत राहिली, मग मोबाईल काढून रूमचे फोटो झूम करायला लागली. बेडशेजारी भिंतीवर गोल सॉकेट, आत दोन गोल भोकं. "आई, हे लंडन नाहीये." मागून एक माणूस "ताई जरा सरका" म्हणत होता आणि मी तिथेच खोक्यावर बसले.

घरी येऊन तिने फोटो गुगल लेन्समध्ये टाकले, तर तेच फोटो स्पेनमधल्या एका हॉलिडे फ्लॅटच्या जाहिरातीत. मालकाचा नंबर बंद. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन लावला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली, सोमवारी बँकेने स्विफ्टवरून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय मेसेज सिस्टीमवरून, पैसे परत मागवायचा मेसेज पाठवला पण तोवर तिकडचं खातं रिकामं. चार दिवसांत कोण ठेवतंय.

माझा भाचा तिकडे लेस्टरला आहे, त्याला आधी विचारलं नाही, उगाच कशाला त्रास म्हणून. त्याने फोनवर डोक्याला हात लावला. इंग्लंडमध्ये रूम नुसती धरून ठेवायला एका आठवड्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, भाडेकरूचं डिपॉझिट ३० दिवसांत सरकारमान्य स्कीममध्ये टाकावं लागतं, आणि लँड रजिस्ट्रीच्या सरकारी साइटवर पत्ता टाकून ७ पौंड भरले की घर कोणाच्या नावावर आहे ते कळतं. ७ पौंड! आम्ही १५०० घालवले.

लेक गेली, आधी पंधरा दिवस भाच्याकडे राहिली, मग स्वतः जाऊन बघून रूम घेतली. पैशांवर पाणी सोडलं, वाटलं संपलं एकदाचं. तर मागच्या आठवड्यात तिला इन्स्टावर सांगलीच्या एका अनोळखी मुलाचा मेसेज, ताई स्ट्रॅटफर्डची रूम सबलेट करणाऱ्या तुम्हीच ना, डिपॉझिट आज भरतोय, एकदा विचारावं म्हटलं. खाली तिच्याच पासपोर्टचा फोटो, तोच, आमच्या डायनिंग टेबलावर काढलेला, कोपऱ्यात ह्यांचा चहाचा कप.

तिने त्याला लगेच कॉल केला. त्याचे वडील बँकेत लाइनीत उभे होते.