पाच महिन्यांचा अबोला आणि दोन दिवसांची कार्यशाळा

आमच्या प्रयोगशाळेत आम्ही अकरा जण, तीन पाळ्यांत. 'सहकाऱ्यांशी सुसंवाद' या विषयावर बाहेरच्या संस्थेची दोन दिवसांची कार्यशाळा झाली, त्याला आता दोन महिने होऊन गेले. संस्थेचं नाव लिहीत नाही. तेव्हा माझा आणि दुपारपाळीच्या मॅडमचा अबोला पाचव्या महिन्यात होता. त्यांच्यानंतर मशीन माझ्या ताब्यात येतं, तरीही.

पहिली सकाळ खेळांत गेली. चेंडू, दोरी, डोळ्यांवर पट्टी. हसलो खूप, पण ज्यांचं आधीपासून जमतं तेच एकाच गटात राहिले. गट प्रशिक्षकांनी पाडून द्यायला हवे होते. मग मानसशास्त्रज्ञ टकमन यांनी १९६५ मध्ये मांडलेले गटाचे टप्पे स्लाइडवर आले. जमणं, खटके उडणं, घडी बसणं, काम मार्गी लागणं. छान, पण तेवढ्यावरच सोडून दिलं.

दुपारी खरं काम सुरू झालं. थॉमस आणि किलमन यांची १९७४ ची प्रश्नावली, विधानांच्या ३० जोड्या, प्रत्येकीतलं आपल्याला लागू पडेल ते एक निवडायचं. वादात माणूस पाचांपैकी कुठल्या वाटेने जातो हे त्यातून दिसतं: स्पर्धा, सहकार्य, तडजोड, टाळणं, जुळवून घेणं. मी स्वतःला जुळवून घेणारी समजत होते. माझे सर्वांत जास्त गुण 'टाळणं' या रकान्यात निघाले. प्रशिक्षिकेने फरक सांगितला. जुळवून घेण्यात निदान समोरच्याचं तरी काम होतं, टाळण्यात दोघांचंही राहून जातं. ते मला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने एक तक्रार कागदावर लिहायची होती. मी लिहिलं, "त्या कधीच नीट हँडओव्हर देत नाहीत." प्रशिक्षिकेने 'कधीच' आणि 'नीट' या दोन शब्दांखाली रेघ ओढली आणि म्हणाली, "कॅमेऱ्यात दिसलं असतं तेवढंच लिहा." मार्शल रोझेनबर्ग यांची 'अहिंसक संवादा'ची पद्धत आहे ही: निरीक्षण, भावना, गरज, विनंती. तीनदा खोडून शेवटी असं झालं (कंट्रोल म्हणजे मशीन बरोबर चालतंय ना हे बघायला लावायचा, उत्तर आधीच माहीत असलेला नमुना; लॉट नंबर म्हणजे त्याच्या बॅचचा क्रमांक): "गेल्या आठवड्यात तीन रात्री कंट्रोल लावल्याची नोंद रजिस्टरमध्ये नव्हती. मशीन हातात घेताना मला धाकधूक होते. रिपोर्ट सोडण्याआधी मला खात्री लागते. निघताना कंट्रोलची वेळ आणि लॉट नंबर लिहाल का?"

मॅडम समोरच बसल्या होत्या. त्यांनी त्यांचा कागद वाचला. "मी निघते तेव्हा तुम्ही मान वर करत नाही. तोंडी सांगायचं असतं ते माझ्याजवळच राहतं." पाच महिन्यांत हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. या एका तासासाठी मी या कार्यशाळेला पाचपैकी चार तारे देते.

एक तारा कापला तो शेवटच्या सत्रासाठी. एमी एडमंडसन यांचं रुग्णालयांतलं संशोधन सांगितलं. चांगल्या चालणाऱ्या गटांत औषधांच्या चुका जास्त नोंदल्या गेल्या होत्या, कारण तिथे माणसं चूक उघड बोलायला घाबरत नव्हती. लॅबमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाने हे ऐकायलाच हवं. पण हे चालू असताना आमचे विभागप्रमुख मागच्या रांगेत वहीत टिपणं घेत बसले होते. "आपल्याकडे कोणती चूक लपवली जाते?" असं विचारल्यावर सगळ्यात नवीन दोघं खाली बघत राहिले. प्रमुखांना वर्तुळात बसवायचं किंवा तेवढा वेळ बाहेर थांबायला सांगायचं, हे प्रशिक्षिकेचं काम होतं. शिवाय महिनाभराने पुन्हा भेटायचं कबूल केलं होतं. दोनदा आठवण करूनही ते सत्र झालेलं नाही.

तुमच्या ऑफिसात अशी कार्यशाळा ठरत असेल तर वरिष्ठ कुठे बसणार आणि पुढचं सत्र कोणत्या तारखेला, हे आधी लेखी घ्या. खेळ कमी करून कागदाच्या सरावाला अख्खा दिवस मागा.

आमच्या रजिस्टरमध्ये आता कंट्रोलचा वेगळा रकाना आहे. परवा तो रिकामा दिसला. मी जिन्यात जाऊन मॅडमना गाठलं. कंट्रोल लावला होता, लिहायचं राहिलं होतं. त्या दोन मजले परत चढून आल्या आणि वेळ लिहून गेल्या.