पोकलेनचा सिलिंडर गळतोय: सील साइटवर बदलायचे की अंबडला न्यायचा?

बकेटच्या सिलिंडरवरून ऑइल ओघळायला लागलं की मालकाची घालमेल सुरू होते. मशीन उभं राहिलं तर दिवसाचे तास बुडतात, आणि शेततळ्याचं काम तर पावसाआधी उरकायचं असतं. मग मेकॅनिकला साइटवर बोलवावं, की सिलिंडर उतरवून नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीतल्या हायड्रॉलिक वर्कशॉपमध्ये न्यावा? माझ्या मते याचं उत्तर किटच्या, म्हणजे नव्या सीलच्या संचाच्या, किमतीत नाही, सिलिंडरमधून आत-बाहेर होणाऱ्या रॉडवर आहे.

रॉड पूर्ण बाहेर काढा, बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करून लिव्हर हलवून प्रेशर सोडा. रॉड फडक्याने पुसा आणि नख आधी गोलाईने, मग लांबीच्या दिशेने फिरवा. कुठेच अडकलं नाही तर साइटवरचं काम चालेल. अडकलं, किंवा क्रोम उडून गंजाचे ठिपके दिसले, तर कितीही भारी किट टाका, त्या ओरखड्यावर सीलचा ओठ, म्हणजे ऑइल अडवणारी कड, रोज घासला जाणार. आमच्या सिन्नरच्या साइटवर हेच झालं. काळ्या दगडाची कपची लागून रॉडवर बारीक रेघ पडली होती, आणि आम्ही महिन्याभरात दोनदा किट बदलली. शेवटी रॉड घासून त्यावर हार्ड क्रोमचा नवा थर चढवून घेतला, तेव्हा गळती थांबली. दोन किटचे पैसे आणि चार दिवसांचं काम गेलं, ते आधी रॉड तपासला असता तर वाचलं असतं.

साइटवरचं काम स्वस्त आणि लवकर होतं, हे खरंच. पण उघड्यावर मुरमाची धूळ असते, आणि सिलिंडरमध्ये गेलेला एक कणही पुढे ओरखडा पाडू शकतो. दुसरी अडचण रॉडच्या आतल्या टोकावर पिस्टन धरून ठेवणाऱ्या नटाची. तो प्रचंड टॉर्कने, म्हणजे पिळाच्या जोराने, आवळलेला असतो. साइटवर पाइप लावून, हातोडे मारून तो उघडतात, आणि बसवताना टॉर्क कोण मोजतो? तो नट आत सुटला तर सगळा सिलिंडरच जातो. म्हणून बकेट किंवा आर्मच्या सिलिंडरची नुसती बाहेरची गळती असेल, तर मी साइटला हो म्हणेन. बूमचा जड सिलिंडर क्रेनशिवाय उतरवू नये.

वर्कशॉपमध्ये नट बेंचवर उघडतो, बॅरल, म्हणजे सिलिंडरची नळी, आतून टॉर्च लावून बघता येतं, गरज असेल तर होनिंग करून ती आतून घासून गुळगुळीत होते, रॉड वाकलाय का ते डायल गेज लावून कळतं, आणि बसवण्याआधी प्रेशर टेस्ट होते. खर्च आणि वेळ जास्त, क्रोमिंग निघालं तर आणखी.

बाहेर ऑइल नाही, पण उचललेला बूम हळूहळू खाली बसतोय? तेव्हा लगेच पिस्टन सीलवर संशय घेऊ नका. सिलिंडरला ऑइल सोडणाऱ्या कंट्रोल व्हॉल्व्हमधूनही हे होतं. आधी मेकॅनिककडून दोन्ही तपासून घ्या, नाहीतर सिलिंडर उघडून पैसे फुकट जातील.

किट कंपनीची की लोकल? रॉड सील आणि त्याच्या आधी दाबाचे झटके झेलणारं बफर सील चांगल्या पॉलियुरेथेनचीच घ्यावीत, इथे काटकसर नको. लोकल किटला माझी हरकत नाही, पण माप जुन्या सीलवरून नको, सील बसतं त्या खाचेवरून घ्या. जुनं सील झिजलेलं किंवा फुगलेलं असतं. बसवताना ओठ ऑइलच्या बाजूला आहे ना, तेवढं स्वतः उभं राहून बघा.

गळती शोधताना होजजवळ बोट फिरवू नका. बारीक छिद्रातलं ऑइल कातडीतून आत शिरतं, आणि ती जखम वरून किरकोळ दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो. गळती पुठ्ठा धरून बघा.

काम झाल्यावर लगेच खोदायला लावू नका. आत हवा राहते, आणि ती अचानक दाबली गेली की नवं सील जळू शकतं. कमी आरपीएमवर, बिनलोड, रॉड सावकाश पाच-सहा वेळा आत-बाहेर करा आणि टाकीचं ऑइल पुन्हा बघा.