भाड्याची मोटरहोम आणि पवनेचा रस्ता

पुण्यातून मोटरहोम, म्हणजे आत झोपायची-राहायची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन पवना धरणाकाठी कॅम्पिंगला जाणार असाल तर आधी रस्ता ठरवा, मग गाडी. आम्हाला मिळालेली फोर्स ट्रॅव्हलर मिनीबसवर बांधलेली होती, इंजिन दणकट, चढाला अजिबात कुरकुर नाही. कामशेतवरून गेलात तर सोपंय, पण आम्ही हौसेने पौड, कोळवण, जवण असं गेलो आणि अरुंद वळणावर समोरून एसटी आली की बायको खाली उतरून "येऊ दे येऊ दे, थांब थांब!" करतीये, कारण स्टेअरिंग फिरवलं की गाडीचं मागचं बूड उलट्या बाजूला जातं आणि कठड्याला घासायला कितीसा वेळ लागतो. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची हा नियम आहे, पाळतं कोण ते सोडा. उतारावर दुसरा गिअर ठेवा, नुसता ब्रेक दाबत बसलात तर पॅड तापून जळका वास सुटतो.

बेड मस्त, एसी ठीक. पण भाड्याने देणाऱ्यांनी कपाटांच्या कड्यांकडे बघितलेलंच नाही, प्रत्येक वळणाला साखरेचा डबा खाली, शेवटी ओढणीने बांधून टाकलं सगळं. रिव्हर्स कॅमेऱ्यात नुसतं धुकं. आणि एवढं भाडं घेऊन चाकाखाली लावायला साधे ठोकळे देत नाहीत राव, कॅम्पवर जागा उतरती, समोर तिकोना किल्ला झकास दिसतोय आणि आम्ही अंधारात दगड शोधतोय. पाचपैकी तीन.