गावचा कट्टा फोनवर: सीमाभागातल्या गावांसाठी व्हॉट्सअप कम्युनिटी कितपत उपयोगाची?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गावांत निरोप फिरायचा तो दवंडीने, देवळातल्या फळ्यावरून आणि पारावरच्या बोलण्यातून. ते काम आता बरेचसे व्हॉट्सअपकडे गेले आहे. निरोप पोहोचवण्यात त्याला तोड नाही. चर्चा मात्र त्यात टिकत नाही, आणि गावाला गरज असते ती चर्चेचीच.

आधी मांडणी. एका ग्रुपात १०२४ माणसे बसतात. मोठ्या गावाला हे पुरत नाही, म्हणून गल्लीवार ग्रुप निघतात आणि एकच निरोप सगळीकडे फॉरवर्ड होतो. इथे अडते. आधीच फॉरवर्ड होऊन आलेला मजकूर एका वेळी एकाच ग्रुपात टाकता येतो, आणि पाच हातांतून फिरला की दुहेरी बाण लागून तो एका वेळी एकाच चॅटला जातो. अफवा रोखायला ही मर्यादा चांगली, पण पाण्याच्या वेळापत्रकालाही तीच लागते. यावर २०२२ मध्ये आलेली कम्युनिटी हा खरा उपाय आहे: गल्ल्यांचे ग्रुप तिच्याखाली जोडायचे आणि सूचना फक्त घोषणांच्या ग्रुपात, ॲडमिननेच टाकायची. तिथे आपला नंबर अनोळखी सभासदांना दिसत नाही. साध्या ग्रुपात तो सगळ्यांना दिसतो, आणि अनेक बायका गप्प राहण्याचे हेही एक कारण आहे. व्हॉट्सअपच्या चॅनेलवर वाचकांना इमोजी देता येतो, पोलवर मत देता येते, पण आपसांत चर्चा करता येत नाही. तो फळा झाला, कट्टा नव्हे.

सीमाभागात या साधनाची खरी कसोटी लागते ती कन्नड नोटिशीवर. पंचायतीची किंवा तहसीलदार कार्यालयाची नोटीस कन्नडमध्ये येते, कोणीतरी फोटो टाकतो आणि अर्धा गाव अंदाज बांधत बसतो. साध्या फोटोत व्हॉट्सअप दर्जा उतरवते, सर्व्हे नंबर आणि हिस्सा पुसट होतो. म्हणून नोटीस नेहमी ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. मग गूगल लेन्सने मराठी भाषांतर काढावे, पण त्यावर विसंबू नये. मोडलेल्या शिक्क्याखालची अक्षरे ते हमखास चुकवते. चार शब्द ॲडमिनला पाठ असले तरी खूप काम होते: ‘कोनेय दिनांक’ म्हणजे शेवटची तारीख, ‘गडुवु’ म्हणजे मुदत, ‘तेरिगे’ म्हणजे कर, ‘आक्षेपणे’ म्हणजे हरकत. सर्वांत फसवा शब्द ‘उद्योग’. कन्नडमध्ये त्याचा अर्थ नोकरी, रोजगार. ‘उद्योग खातरी’ वाचून कारखान्याची योजना समजणाऱ्याच्या हातून रोजगार हमीचे काम निसटते. फोटोखाली मराठीत तीन ओळी हव्यातच: विषय, शेवटची तारीख, अर्ज कुठे द्यायचा. हरकत ग्रुपात लिहून नोंदली जात नाही. ती कागदावर द्यावी, पोच घ्यावी.

पोलचे तसेच. बारा पर्यायांपर्यंत मत घेता येते, पण कोणी कशाला मत दिले हे नावानिशी दिसते. गटातटाच्या गावात देवस्थान कमिटीच्या प्रश्नावर लोक मग मनातले सांगत नाहीत. टेलिग्रामवर निनावी पोल आहे, शिवाय नव्या सभासदाला जुना मजकूर दिसेल अशी सोय करता येते. मात्र टेलिग्रामच्या ग्रुपांना व्हॉट्सअपसारखे एंड टू एंड एन्क्रिप्शन (पाठवणारा आणि वाचणारा सोडून कोणालाही मजकूर न दिसण्याची सोय) नाही, हे सभासदांना आधीच सांगावे. आणि पोल कुठलाही घ्या, तो ग्रामसभेचा ठराव होत नाही.

अफवांचा हंगाम ठरलेला: १ नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापनादिनी सीमाभागातले मराठी लोक पाळतात तो काळा दिन, आणि बेळगावच्या सुवर्णसौधातले कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन. वर्तमानपत्राचे जुने कात्रण तारखेची ओळ कापून फिरते. तारीख नसलेले कात्रण न टाकण्याचा नियम ग्रुपच्या माहितीतच लिहावा. ‘सीमाप्रश्नाचा निकाल लागला’ असे आले, तर महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेल्या दाव्याची स्थिती सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येते. अशा वेळी दोन-तीन दिवसांसाठी ‘मेसेज पाठवणे: फक्त ॲडमिन’ करणे योग्य, पण पुन्हा खुले करण्याची तारीख त्याच वेळी जाहीर करावी. नाहीतर तो कट्टा बंदच पडतो. निमंत्रणाची लिंक उघड्यावर गेली असेल तर रीसेट करावी आणि नव्या सभासदांना ॲडमिनची मंजुरी लागेल, अशी सेटिंग ठेवावी.

शोधाची बाजू फार लंगडी आहे. बेळगावजवळच्या ‘येळ्ळूर’ गावाचे नाव शोधले की ‘येळूर’ आणि रोमन लिपीतले स्पेलिंग दोन्ही सुटतात. फोटोतल्या कात्रणातला मजकूर सापडत नाही. वडीलधारी मंडळी व्हॉइस नोट पाठवतात, तीही शोधात येत नाही. तिच्याखाली कोणीतरी एक ओळ टंकावी. दर महिन्याला सभासदांना विचारून ‘एक्सपोर्ट चॅट’ने मीडियाशिवाय मजकुराची फाइल काढावी आणि खाजगी बोलणे वगळून गावच्या वाचनालयाच्या संगणकावर ठेवावी. ॲडमिनचा फोन हरवला, तरी रस्त्याच्या कामाबद्दल कोण काय म्हणाले होते ते तिथे सापडेल.